अमीनभाईंचा अंदाज

अमीनभाईंना उसाचा अंदाज विचारला की ते आधी पायातल्या चपला काढायचे. त्या बांधावर जोडीनं ठेवायचे, सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून बटणं लावायचे, टोपी घट्ट करायचे आणि उसात शिरायचे. शिरायचे म्हणजे दिसेनासेच व्हायचे. शेताचा मालक बांधावर उभा. आतून पाचट वाजल्याचा आवाज थोडा वेळ येई, मग तोही थांबे. पंधरा-वीस मिनिटांनी अमीनभाई भलत्याच बाजूनं बाहेर येत. गालावर पानांचे ओरखडे, टोपीवर कुसळं. तोवर मालक अधीर झालेला असे.

"मंग? किती धरायचा?"

चपला पायात जाईपर्यंत अमीनभाई बोलत नसत. मग म्हणत, "एकतीस."

"एकरी एकतीस? अवो, गेल्या साली ह्याच रानात बावन्न टन निघाला!"

"गेल्या साली बी मीच आल्तो. छत्तीस निघाला."

यावर मालक हसे, चहा सांगे आणि अमीनभाई सायकलला टांग मारून पुढच्या गटाकडं गेले की त्यांना शिव्या देई.

अमीन शेख आमच्या साखर कारखान्यात शेतकी खात्याचे ओव्हरसियर होते. कोपरगावपासून एस.टी.नं अर्ध्या तासावर, पाटपाण्याच्या काळ्या रानात आमचा कारखाना. गाळप सुरू होण्याआधी सभासदांच्या रानात किती ऊस उभा आहे हे कारखान्याला कळावं लागतं. ते सांगणं हे त्यांचं काम. हे काम रस्त्यावर जीप उभी करून, काच खाली घेऊनही करता येत असे आणि तसं करणारे पुढं मोठ्या हुद्द्यांवर गेले. अमीनभाई शेताच्या मध्यावर जाऊन एक गुंठा मोजत. बांधाकडचा ऊस बघून आकडा सांगणाऱ्यांची त्यांना कीव येई.

"मास्तर, बांधावरच्या उसाला ऊन जास्त, वारा जास्त, पानी पयलं. त्यो उंच व्हनारच," ते मला म्हणाले होते. "त्याला बघून टन सांगायचे म्हंजे नवरदेवाला बघून समद्या वऱ्हाडाचं रूप ठरवायचं झालं."

मला सगळे मास्तर म्हणत, पण मी कुणाला काही शिकवलेलं नाही. कारखान्याच्या वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या आणि डोळ्यांवर चष्मा होता, एवढ्यावर ती पदवी मला मिळाली होती. अमीनभाईंनाही कारखान्याच्या वसाहतीनं एक पदवी दिली होती: 'कमी टनाचे अमीनभाई.' ती त्यांना ठाऊक होती. कुणी तोंडावर म्हटलं तर म्हणत, "टन काट्यावर असत्यात. मी फकस्त आदुगर जाऊन बघून येतो."

एका वर्षी कोणी मंत्री कारखाना बघायला येणार होते. आमच्या व्हाइस चेअरमननी आपल्या रस्त्याकडेच्या चार एकरांवर पाटी लावली: 'आदर्श प्लॉट, एकरी सत्तर टन.' पाटी रंगवून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की शेतकी खात्याच्या वहीत आकडा घालायचा राहिला आहे. अमीनभाईंना बोलावण्यात आलं. त्यांनी चपला काढल्या. बाहेर आले ते म्हणाले, "बेचाळीस."

"अमीनभाई, मंत्रीसायेब येनारेत," व्हाइस चेअरमन समजुतीनं म्हणाले.

"येऊ द्या की. त्यानला बी बरं वाटंल. ऊस चांगला हाय."

"पाटीवर सत्तर हाय."

"पाटी बी चांगली हाय."

मंत्री आले, पाटीशेजारी त्यांचा फोटो निघाला. हंगामात त्या प्लॉटचा ऊस काट्यावर एकरी साडेएक्केचाळीस टन भरला. वजनकाट्याला दौऱ्याची कल्पना कुणी दिली नसावी. अमीनभाईंची बदली मात्र लगेच चौदा मैलांवरच्या गट ऑफिसला झाली. एक अख्खा हंगाम ते रोज सायकलनं अठ्ठावीस मैल करत होते. मी हळहळ व्यक्त केली, तर म्हणाले, "तिकडची मानसं बरी हायेत. च्या आदुगर देत्यात, आकडा मागनं इचारत्यात."

वाचनालयात ते रविवारी येत. मुंबईचा इंग्रजी अर्थविषयक पेपर आमच्याकडं एक दिवस शिळा होऊन पोचायचा. त्यातलं शेवटून दुसरं पान, म्हणजे शेअरभावांचं, ते माझ्यापुढं पसरत. इंग्रजी त्यांना बेताचं येई. आकड्यांना भाषा नसल्यामुळं अडत नसे. तीन जुन्या कंपन्यांचे थोडेथोडे शेअर्स त्यांच्याकडं होते. त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. ते बँकेचं व्याज घेत नसत. "दुसऱ्याचं काय बी हू, आपलं ठरलेलं आपल्याला मिळंल, हे मला पटत न्हाई. शेअरला बरं हाय. कंपनीचं बुडालं तर माझं बी बुडालं. भागीदारी हाय." याचा त्यांनी कधी उपदेश केला नाही. शंभराला वर्षाकाठी दहा-बारा सुटले तर ते त्या कंपनीचं नाव आदरानं घेत. पंधरा सुटले तर त्यांना संशय येई.

ज्या प्रसंगामुळं अमीनभाई मला आजही आठवतात, तो दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा आहे. पुण्याच्या बाजूला ट्रान्झिस्टर तयार करणारी एक नवी कंपनी निघत होती. पुढं ती हिशेब करणारी विजेची यंत्रंही काढणार होती. तिचे दहा-दहा रुपयांचे शेअर्स लोकांना विकायला निघाले. कंपनीचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही. व्हाइस चेअरमनच्या भाच्यानं म्हणे मुंबईत अशाच एका कंपनीत दहाचे पस्तीस केले होते. ही बातमी वसाहतीत आली आणि ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता तेही इलेक्ट्रॉनिक्सबद्दल बोलू लागले.

मग सभा झाली. साखरेच्या गोदामापुढं मांडव, मुंबईहून आलेला एजंट, फेब्रुवारीतल्या दुपारी गळ्यात टाय. त्याला हार घातला, व्हाइस चेअरमनना घातला आणि एक हार उरला म्हणून टेबलावर ठेवलेल्या ट्रान्झिस्टरलाही घातला. त्यानंतर तो लागेना. एजंट उत्तम बोलला. सहा महिन्यांत दहाचे तीस आणि तीन वर्षांत शंभर, हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मधले आकडे सांगून त्याला आमचा वेळ घ्यायचा नाही असं वाटलं. कंपनीच्या छापील पुस्तिकेवर इमारतीचं रंगीत चित्र होतं. पुढं बाग, मोटारी. अमीनभाईंनी ती पुस्तिका खूप वेळ निरखली आणि माझ्या कानात म्हणाले, "झाडांच्या सावल्या एकीकडं पडल्यात आन् मोटारींच्या दुसरीकडं."

प्रश्नांची वेळ आली. पुढं बसलेले धोंडिबा म्हणून एक वयस्कर सभासद उभे राहिले.

"सायेब, एका शेअरमागं रेडिओ कितीला बसंल?"

एजंटला कळलं नाही.

"म्हंजे सभासदाला सवलत किती? हितं आमाला दिवाळीला सवलतीची साखर असती. तसा तुमचा रेडिओ दिवाळीला देनार का पाडव्याला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "शेअर दोन असले तर रेडिओ दोन का?"

"आन् मशीन बिघडलं तर सभासदाचं आदुगर दुरुस्त करायचं, येवढं लिहून घ्या!"

हसण्यासारखं होतं, पण त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडं शेअर म्हणजे कारखान्याचा शेअर. तो कुणी विकत नसे. त्याच्या आधारावर आपला ऊस कारखान्यात जाई, सणाला साखर मिळे, सभेत एक मत आणि एक वेळचं जेवण मिळे. त्याचा भाव वर-खाली होतो, तो मुंबईत कुणी अनोळखी माणूस विकत घेतो, ही कल्पनाच मांडवात कुणाला नव्हती. सवलतीचा रेडिओ हाच नफा, असं समजून निम्म्या लोकांनी अर्ज घेतले. एजंटनं 'सूचना वरपर्यंत पोचवतो' म्हणून सांगितलं. अर्ज खपत असताना कोण कशाला गैरसमज दूर करील?

अमीनभाईंनी हात वर केला. "आजपातूर किती रेडिओ विकले?"

"चाचणी उत्पादन चालू आहे. विक्री पुढल्या वर्षी."

"म्हंजे उगवन झाली, तोडनी न्हाई." अमीनभाई खाली बसले. मांडव हसला. व्हाइस चेअरमन सोडून.

त्या हसण्यात आणखी एक माणूस नव्हता. तुळशीराम गाडे. पॉवरहाऊसमधला वायरमन. वसाहतीत गाडे आणि अमीनभाई यांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि दोन्ही दारांपुढं मिळून एकच बाकडं. बारा वर्षं दोघं संध्याकाळी त्यावर बसत. गाडे बोलत, अमीनभाई ऐकत. गाड्यांची थोरली मुलगी कुसुम त्या वर्षी मॅट्रिकला होती. नगरच्या मोठ्या इस्पितळात नर्सिंगला जायचं तिनं मनात धरलं होतं. प्रवेशाच्या वेळची अनामत, गणवेश, पुस्तकं, तीन वर्षांचं जेवणखाण, असं सगळं धरून गाड्यांनी पाच वर्षांत पंधराशे रुपये साठवले होते. नर्सिंगला ते पुरत होते. घोटाळा तिथंच होता. पुरत होते म्हणून गाड्यांना ते थोडे वाटू लागले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात अर्ज घेऊन आले. अर्ज इंग्रजीत असल्यामुळं गावचे सगळे अर्ज मीच भरत होतो.

"मास्तर, दीडशे शेअर टाका."

"दीडशे? म्हणजे सगळे पैसे?"

"समदे. तिसाच्या भावानं साडेचार हजार व्हत्यात. पुढं शंभर झाला तर पंधरा हजार. मंग नर्स कशाला? डॉक्टरच करतो पोरीला."

मी दीडशे लिहिले, पण अर्ज सहीला पुढं केला नाही. मी म्हटलं, "अमीनभाईंना विचारलंत?"

"त्ये काय, समद्यात कमीच सांगनार."

तरी रात्रभर विचार करून त्यांनी विचारलंच. अमीनभाईंनी 'बघून सांगतो' म्हटलं. तीन दिवसांची रजा टाकली आणि एस.टी.नं पुण्याकडं गेले. कंपनीच्या ऑफिसात ते गेलेच नाहीत. फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथं जेवणाच्या सुट्टीत दोन दिवस बसले आणि कामगारांशी बोलले. तिसऱ्या दिवशी परत. वाचनालयात गाडे, मी आणि ते. मी चहा मागवला. अमीनभाई तो बशीत ओतत म्हणाले,

"दोन शेड झाल्यात. तिसरीचं जोतं हाय. चित्रात हाय ती इमारत न्हाई. कामाला चाळीस पोरी. पोरी हुशार हायेत, हात चांगला बसलाय. पन शंभर नग केले तर तपासनीतनं तीस परत येत्यात. सुटे भाग परदेशातनं येत्यात, त्ये कधी यतील त्यानला बी म्हाईत न्हाई."

"म्हंजे खोटी हाय कंपनी?" गाडे.

"खोटी न्हाई. खरी हाय. तीच तर गोची हाय. खऱ्या कंपनीला येळ लागतो."

"आकडा सांगा."

"चांगलं गेलं तर तीन वर्सांनी दहाचे तेरा. वाईट गेलं तर दहाचे सहा."

गाडे उठून उभे राहिले. "तेरा? लोक तीस म्हनत्यात आन् तुमी तेरा?"

"बाजारात पयल्या दिशी काय व्हईल त्ये मला सांगता यायचं न्हाई. त्या दिशी तीस बी व्हईल. त्यो आकडा कंपनीचा नसतो, गर्दीचा असतो. मी कंपनी बघून आलो."

"तुमी स्वतः घेनार का न्हाई?"

"घेनार. पन्नास." पन्नासपेक्षा कमी शेअर्सचा अर्ज घेतच नसत.

"मंग मला का आडवता?"

"माझ्या पाचशेवर कोन शिकायला जानार न्हाई." अमीनभाईंनी बशी खाली ठेवली. "गाडे, पावरहाऊसातली मोठी मोटार जळाली तर काय करता?"

"दुसरी असती. स्टँडबाय."

"आन् कुसुमला स्टँडबाय कुठंय?"

गाड्यांनी टेबलावरचा अर्ज माझ्याकडं ढकलला. बोलले ते रागानंच. "मास्तर, पन्नास करा." मी दीडशेचा आकडा खोडणार, तेवढ्यात अमीनभाईंनी हात धरला. "खाडाखोड केली तर अर्ज बाद करत्यात. नवा घ्या." नवा अर्ज भरला. उरलेले हजार गाड्यांनी पोस्टात ठेवले. जाताना दारातून म्हणाले, "बुडालो तर तुमच्यामुळं वाचलो म्हनंन. पन वर गेला तर?"

"तर शिव्या द्या," अमीनभाई म्हणाले.

आणि तसंच झालं. मे महिन्यात शेअर बाजारात आला तो पहिल्याच दिवशी बावीसला. पेपर एक दिवस शिळा असल्यामुळं आम्हाला आनंदही दुसऱ्या दिवशी झाला. वसाहतीत पेढे वाटले गेले. ज्यांनी शेअर घेतले नव्हते त्यांनीही खाल्ले आणि अमीनभाईंच्या दारापुढून जाताना 'तेरा, तेरा' असं जरा मोठ्यानं मोजत गेले. सवलतीच्या रेडिओची वाट पाहणाऱ्या धोंडिबांना कुणीतरी सांगितलं की शेअर विकता येतो आणि त्याचे दुपटीपेक्षा जास्त पैसे येतात. "विकायचा? आन् मंग रेडिओ?" ते म्हणाले.

गाड्यांनी हिशेब केला होता. दीडशे असते तर अठराशे रुपये सुटले असते. पन्नासवर सहाशेच सुटत होते. म्हणजे बाराशे रुपये अमीनभाईंनी बुडवले. अर्ज एवढे आले असताना दीडशे मागितले असते तर तेवढे मिळालेच असते का, हा प्रश्न मी काढून बघितला. तो त्यांना आवडला नाही.

त्या संध्याकाळी अमीनभाई स्वतः बाकड्यावर जाऊन बसले. मी पेपर घेऊन तिथंच होतो.

"गाडे, माझा अंदाज चुकला."

"चुकला! नुस्ता चुकला? माझ्या पोरीचं डाक्टरपन गेलं तुमच्या अंदाजात!"

"व्हय. पन आता एक आयका. उद्या विका. मी बी विकतोय."

"आता विकू? पस्तीस होतोय म्हनत्यात."

"गर्दी आपल्या बाजूनं चुकली तर तिच्यासंग वाद घालू ने. घ्यायचं आन् घरी यायचं."

"तुमी जा घरी. तुमचं घर हितंच हाय." गाडे आत गेले आणि दार लावलं. बारा वर्षांत ते दार संध्याकाळचं लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

अमीनभाईंनी आपली शेअर्सची प्रमाणपत्रं रजिस्टरनं मुंबईला दलालाकडं पाठवली आणि बावीसच्या आतबाहेर विकली. आलेल्या पैशात बायकोला शिवणयंत्र घेतलं. पुढच्या आठवड्यात भाव सव्वीस झाला. आता लोक त्यांचं पन्नास शेअर्सवर किती नुकसान झालं हे त्यांना आठवणीनं सांगू लागले. "दोनशे," ते स्वतःच सांगत, समोरच्याला हिशेबाचा त्रास नको म्हणून.

गाडे त्यांच्याशी बोलत नव्हते. बाकडं तिथंच होतं. अमीनभाई एका टोकाला बसत, गाडे घरात. भिंतीपलीकडून शिवणयंत्राचा आवाज येई तेव्हा गाडे रेडिओचा आवाज वाढवत. तो रेडिओ जुना होता, दुसऱ्या कंपनीचा.

जूनमध्ये कुसुमला प्रवेशाचं पत्र आलं. तिनं पोस्टातले पैसे काढले. निघायच्या दिवशी सकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत गाडे, त्यांची बायको, कुसुम आणि लोखंडी ट्रंक. मीही गेलो होतो. नर्सिंगच्या पुस्तकांची यादी तिला इंग्रजीतून उतरवून दिली होती, ती द्यायला. अमीनभाई रस्त्याच्या पलीकडं सायकल धरून उभे होते. शेतावर निघालेत असं त्यांनी दाखवलं होतं, पण त्या बाजूला त्यांचा एकही गट नव्हता.

कुसुम सरळ रस्ता ओलांडून गेली आणि वाकली.

"आगं, सायकल पडंल," अमीनभाई म्हणाले. मग म्हणाले, "जेवनाचं बघ. अभ्यास बी कर. पन जेवनाचं बघ."

"येते चाचा."

"पत्र टाक. आप्पाला टाक. मला त्ये सांगत्याल." तेव्हा आप्पा, म्हणजे गाडे, त्यांना काहीच सांगत नव्हते, हे तिलाही माहीत होतं.

एस.टी. आली. टपावर सामान चढवायला कंडक्टर उतरायला तयार नव्हता. गाड्यांनी ट्रंक एका बाजूनं उचलली, ती तिरपी झाली. माझ्या प्रकृतीकडं बघून त्यांनी मला विचारलं नाही. रस्त्यापलीकडं बघून ओरडले, "अमीनभाई! उभं काय ऱ्हायलात? हात लावा की!"

अमीनभाईंनी सायकल तशीच सोडली. ती पडली. दोघांनी ट्रंक टपावर चढवली, दोर बांधला. अमीनभाईंनी गाठ मारली, गाड्यांनी ती पुन्हा ओढून बघितली. एस.टी. गेली. धुरळा बसल्यावर गाडे म्हणाले, "आज सव्वीसला हाय अजून. तुमी लई लवकर विकलं."

"व्हय," अमीनभाई म्हणाले. सायकल उचलायला गाडेच गेले.

मला या दोघांतलं हे सगळ्यात जास्त आवडतं. गाड्यांनी त्यांना क्षमा केली तेव्हा गाड्यांच्या हिशेबानं अमीनभाई पुरते चुकलेले होते.

त्यानंतर दुष्काळ आला. पाटाला पाणी नाही, ऊस जागेवर वाळला, हंगाम लवकर आटोपला. त्या गडबडीत ट्रान्झिस्टरच्या कंपनीकडं बघायला कुणाला फुरसत नव्हती. सुटे भाग वेळेवर आले नाहीत, परत येणारे नग कमी झाले नाहीत. सव्वीसचे अठरा झाले, अठराचे नऊ. ज्या घरांत पेढे वाटले होते तिथं पेपरचं ते पान कुणी मागेना. एका संध्याकाळी बाकड्यावर गाडे आपणहून म्हणाले, "अमीनभाई, चार झाला."

मी पेपरात तोंड घातलं. आता काहीतरी शहाणपणाचं बोलायचा अमीनभाईंना पुरता हक्क होता.

"व्हय," ते म्हणाले. "मी वाईटात वाईट सहा म्हनलो हुतो. तिथं बी चुकलं माझं. परत येनाऱ्या नगांचा नीट इचार केला न्हाई." त्या दोन रुपयांची त्यांना खरोखर रुखरुख होती. गाड्यांनी त्यांच्याकडं नवलानं पाहिलं आणि मोठ्यानं हसले. त्या वर्षात वसाहतीत असं कुणी हसलेलं मला आठवत नाही.

अमीनभाई निवृत्त होऊन गावी गेले. जायच्या आधीच त्यांना कमी दिसू लागलं होतं. शेवटच्या हंगामात त्यांनी उसाचे अंदाज पायांच्या आणि हातांच्या भरवशावर दिले. पेरं चाचपून, कांडं बोटांनी मोजून. ते चुकले नाहीत. पण गावी गेल्यावर मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला आणि माणसं आवाजावरून ओळखायची वेळ आली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नगरला, कुसुम शिकत होती त्याच इस्पितळात झालं. ती शेवटच्या वर्षाला होती. पट्टी सोडायच्या दिवशी गाडे आणि मी सकाळच्या एस.टी.नं गेलो.

वॉर्डात कुसुम पांढऱ्या गणवेशात होती. तिनं आम्हाला भिंतीशी उभं केलं, बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि वळून पट्टी सोडायला लागली. एकेक वेढा, सावकाश. आतला कापूस तिनं बोटांत धरला. डॉक्टरांनी अमीनभाईंच्या डोळ्यापुढं जाड भिंग धरलं. कुसुम दोन पावलं मागं सरली आणि तिनं हात वर केला.

"चाचा, किती बोटं?"

अमीनभाई बघत राहिले.  खाटेवर पुढं झुकले, मान जरा वाकडी केली, पुन्हा सरळ केली. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडं बघितलं.  गाड्यांना राहवेना.

"चार म्हना, चार!"

"आप्पा!"

"गाडे, गप ऱ्हावा," अमीनभाई नजर न हलवता म्हणाले. "मला बघू द्या."

 कुसुमचा हात वरच होता.

"तीन," अमीनभाई म्हणाले. मग आणखी जरा पुढं झुकले. "आन् चौथं वाकलेलं हाय. त्याच्यात तू पांढरं काय तरी धरलंस."

डॉक्टरांनी 'बरोबर' म्हणत भिंग खाली घेतलं आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. गाडे भिंतीला टेकले. कुसुम मात्र तशीच उभी होती, हात वर धरून. तपासणी संपलीय हे तिला कुणी सांगायचं, ते आम्हा दोघांनाही कळेना.